जवस वाळते, एरंडेल वाळत नाही

मोटारीच्या इंजिनात कोणते ऑइल घालावे आणि ते किती किलोमीटरनंतर बदलावे, हा प्रश्न आज गॅरेजमध्ये विचारला जातो आणि त्याचे उत्तर डब्यावर छापलेल्या आकड्यांत शोधले जाते; परंतु प्रश्न मोटारीपेक्षा बराच जुना आहे, आणि भंडारा जिल्ह्यासारख्या धानाच्या, तलावांच्या आणि तेलबियांच्या मुलखात तो बैलगाडीच्या आखापर्यंत मागे नेता येतो. या दीर्घ इतिहासात तेल बदलण्याची मुदत ही केवळ तेलाच्या अंगची गोष्ट कधीच नव्हती. यंत्र कोणते इंधन जाळते, कोणत्या धुळीतून जाते आणि किती लांबची खेप करते, यांवर ती ठरत आली, आणि म्हणूनच ती मोजण्याची मापेही खेपेपासून तासापर्यंत आणि मैलापासून महिन्यापर्यंत बदलत गेली.

वैनगंगेच्या खोऱ्यात धान कापणीला येण्याआधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोरी आणि जवस फेकून पेरण्याची रीत आहे. या पद्धतीला उतेरा म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातून जवस मुंबई बंदरामार्गे युरोपात जात असे आणि तिथे त्यापासून रंग, व्हार्निश व लिनोलियम तयार होई, कारण जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि काही दिवसांत त्याचा कडक, चिवट पापुद्रा बनतो. रसायनशास्त्रात तेलाचा हा वाळण्याचा गुण आयोडीन अंकाने मोजतात, म्हणजे १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरून ठेवते हे पाहतात. जवसाचा हा अंक १७० ते २०० च्या दरम्यान भरतो, तर एरंडेलाचा ८५ च्या आसपास राहतो. लाकडी घाण्यावर दोन्ही तेले गाळणाऱ्या तेली समाजाला आयोडीन अंक ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु जवसाच्या तेलाने दाराला चकाकी येते आणि त्याच तेलाने आख चिकटतो, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. वाळणारे तेल लाकडावर आणि न वाळणारे तेल चाकात, ही विभागणी वंगणाच्या शास्त्राचा पहिला धडा होय. इंजिन आतून स्वच्छ का राहते किंवा का राहत नाही, याचे निम्मे उत्तर तीत आधीच आलेले आहे.

बंडीच्या, म्हणजे वैदर्भीय बैलगाडीच्या, चाकाला वंगण घालण्याचे काम दिसते तितके सोपे नव्हते. आख म्हणजे दोन चाकांना जोडणारा कणा, तुंबा म्हणजे चाकाचा पोकळ मध्यभाग आणि कुणी म्हणजे चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला ठोकलेली खीळ. गाडीला एका बाजूने टेकण लावून चाक अधांतरी करायचे, कुणी उपसायची, चाक अर्धेअधिक बाहेर ओढायचे आणि आखावर साचलेला काळा, खरखरीत चिखल आधी चिंधीने पुसून मगच नवे वंगण चोपडायचे, असा त्याचा क्रम होता. वंगण म्हणजे नुसते तेल नव्हे. एरंडेलात चिंध्यांची काजळी खलून केलेला तो लगदा असे, आणि गाडीखाली टांगलेल्या बांबूच्या नळकांड्यात तो काडीसकट भरलेला असे. यातले पुसण्याचे काम विशेष लक्षात घेण्यासारखे आहे, कारण जुने वंगण न पुसता त्यावर नवे चोपडले तर धूळ आतच राहते आणि तेलासह आख कुरतडते. चाक ‘बोलू’ लागले, म्हणजे करकरू लागले, की वंगणाला उशीर झाला असे समजत. जाणता गाडीवान मात्र लांबच्या बाजाराला निघण्याआधीच, चाक बोलायची वाट न पाहता, हे काम उरकून घेई. मुदत खेपेची होती आणि ती रस्त्याप्रमाणे आखूड-लांब होई.

१८८२ मध्ये नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचा मीटरगेज मार्ग भंडारा जिल्ह्यातून राजनांदगावपर्यंत पोचला आणि काही वर्षांत तो बंगाल-नागपूर रेल्वेच्या ताब्यात जाऊन रुंद झाला. रेल्वेने वाहतूक बदलली, परंतु वंगण लगेच बदलले नाही. एकोणिसाव्या शतकात भारतातील रेल्वेमार्गांवर दिव्यांसाठी आणि धुऱ्यांसाठी एरंडेलच मोठ्या प्रमाणावर वापरले जाई. डब्याच्या धुऱ्याच्या टोकाला एक पेटी असे, तीत तेलात भिजवलेल्या सुताचा बोळा ठासत आणि फिरणारा धुरा त्या बोळ्यातून तेल ओढून घेई. बोळा कोरडा पडला की धुरा तापे, आणि रेल्वेच्या बोलीत ‘हॉट अ‍ॅक्सल’ म्हणतात तो हाच प्रकार. अमेरिकेत १८५९ मध्ये ड्रेकने तेलाची विहीर खोदल्यानंतर आणि आसामात दिग्बोईची रिफायनरी १९०१ मध्ये सुरू झाल्यानंतर खनिज तेल हळूहळू स्वस्त होत गेले, आणि एरंडेलाची जागा त्याने घेतली ती मुख्यतः किमतीच्या जोरावर. गुणांच्या बाबतीत एरंडेल इतक्या सहज हरणारे नव्हते. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांत तेच ओतले जाई, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. आणि इंग्लंडमधील वेकफिल्ड कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला दिलेले कॅस्ट्रॉल हे नाव एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच आलेले आहे. त्याचा दोष एकच होता: आखाच्या थंडाव्यात न वाळणारे एरंडेल इंजिनाच्या उष्णतेत मात्र गोंदासारखे चिकटते, त्यामुळे ते वापरणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांची इंजिने वारंवार उघडून धुवावी लागत.

जिल्ह्यात पहिली इंजिने मोटारीतून आली असे समजणे चुकीचे ठरेल. तुमसर, तिरोडा, गोंदिया या पट्ट्यात धान भरडणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर संथ चालणारी एका सिलिंडरची तेल-इंजिने आली. गोंदिया व तिरोडा हे तालुके त्या काळी भंडारा जिल्ह्यातच होते आणि १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. अशा जुन्या इंजिनांवर काचेचे छोटे पेले बसवलेले असत, त्यांतून तेलाचा एकेक थेंब बेअरिंगवर व सिलिंडरमध्ये पडताना डोळ्यांनी दिसे, आणि काम झालेले तेल जळून किंवा गळून जाई. या व्यवस्थेत तेल खर्च होत होते, बदलले जात नव्हते. हा फरक वरवर किरकोळ वाटला तरी या इतिहासातील खरे वळण इथेच आहे. बंडीचा आख, रेल्वेचा धुरा आणि गिरणीचे इंजिन या तिन्हींमध्ये तेल एकदा वापरून संपते. मोटारीच्या इंजिनाने मात्र तळाशी एक बंद पेटी आणली, जिला इथले मेकॅनिक ‘चेंबर’ म्हणतात, आणि त्या चेंबरमधले तेच तेल पुन्हा पुन्हा वर फेकले जाऊ लागले. तेल आता हरवत नव्हते, पण मळत होते. ‘ऑइल बदलणे’ हा शब्दप्रयोग आणि त्यामागची चिंता या बंद पेटीतून जन्मली.

चेंबरमधले तेल मळते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे आकडे निरर्थक वाटतील. जळताना तयार होणारी काजळी, अर्धवट जळलेले इंधन, पाण्याची वाफ आणि इंधनातल्या गंधकापासून होणारे आम्ल हे सर्व पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडेथोडे खाली उतरते. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद केले तर पाणी उडून जात नाही आणि काजळीशी मिसळून त्याचा मऊ गाळ होतो; उलट इंजिन फार तापले तर तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून पिस्टनवर पिवळट-तपकिरी, कडक लेप चढतो. हा लेप म्हणजे जवसाचा पापुद्राच, फरक एवढाच की दारावर तो मुद्दाम चढवला जातो आणि पिस्टनवर नकळत. रिंगा या लेपात अडकल्या की इंजिन ऑइल पिऊ लागते, निळा धूर सोडते आणि शेवटी ‘इंजिनाचे काम निघते’.

१९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तेल गाळणारी फिल्टर-डबी नव्हती, आणि तिच्या मालकाला दर ७५० मैलांनी तेल सोडून देण्याचा सल्ला होता. तेल गाळण्याची सोय १९२३ मध्ये अमेरिकेत प्युरोलेटर या नावाने बाजारात आली, तरी सगळ्या गाड्यांत ती यायला पुढची दोनतीन दशके गेली. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी या मार्गे रायपूरकडे जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रोडवर मोटारी धावू लागल्या त्या याच काळात, आणि त्या रस्त्याच्या धुळीपुढे ७५० मैलही जास्तच म्हणावे लागतील. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे शिधावाटप झाल्यावर देशभर मोटारींना कोळशाच्या वायूच्या भट्ट्या जोडल्या गेल्या; या वायूबरोबर राख आणि डांबर इंजिनात शिरे, त्यामुळे आधीच आखूड असलेली मुदत आणखी आखडली. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीज खाणींच्या परिसरात मालाची ने-आण करणाऱ्या वाहनांना तर तेलाइतकीच हवेच्या फिल्टरची काळजी घ्यावी लागे. खनिजाची बारीक भुकटी इंजिनात गेली की चेंबरमधले उत्तमोत्तम तेलही पॉलिश-पेस्टचे काम करू लागते, हे सांगायला जाहिरात पुढे येत नाही.

इथे एक विरोधाभास सांगितला पाहिजे. इंजिन स्वच्छ ठेवणारे तेल ऐषारामी मोटारींसाठी शोधले गेले, असा सर्वसाधारण समज असतो, परंतु ते आले जड डिझेल यंत्रांमुळे. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनांत रिंगा अडकू लागल्या, आणि त्यावर उपाय म्हणून तेलात साबणासारखा धुण्याचा गुण असलेली धातुयुक्त रसायने मिसळली गेली. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे १९३५ चे डेलो हे तेल या मालिकेतील पहिल्या मोठ्या नावांपैकी होय. या रसायनांना डिटर्जंट म्हणतात. ती लेप चढू देत नाहीत आणि आम्लही मारतात. पुढे १९५० च्या दशकात डिस्पर्संट आले, जे काजळीच्या कणांना एकमेकांना चिकटू न देता तेलात तरंगत ठेवतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९४७ मध्ये तेलांची वर्गवारी केली तेव्हा तिसऱ्या, म्हणजे ‘हेवी ड्यूटी’, वर्गाची ओळखच डिटर्जंटवर आधारलेली होती. भारतात १९५४ पासून टाटा-मर्सिडीज-बेंझचे आणि त्याच दशकात अशोक लेलँडचे डिझेल ट्रक निघू लागल्यावर हे तेल हमरस्त्यावर आले, आणि इंडियन ऑइलने १९७२ मध्ये सर्व्हो हे नाव बाजारात आणल्यानंतर ते तालुक्याच्या पंपावर मिळू लागले.

या तेलाने मेकॅनिकच्या डोळ्यांची सवयच उलटी करून टाकली. जुने साधे खनिज तेल बराच काळ सोनेरी दिसे, कारण काजळी त्यात न राहता इंजिनाच्या भिंतींवर बसे. डिटर्जंटयुक्त तेल डिझेल इंजिनात काही शे किलोमीटरांतच काळे पडते, कारण घाण भिंतीवरून सुटून तेलात येते. गाडीमालकाने डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, ओढून पाहावी आणि ऑइल काळे झाले म्हणून दुकानदाराला बोल लावावा, ही तक्रार त्यामुळे निराधार ठरते. काळे तेल आपले काम करत असते, असे एका वाक्यात सांगता येते, परंतु पांढऱ्या धोतराच्या मुलखात काळेपणा म्हणजे स्वच्छतेची खूण हे पटवणे सोपे नव्हते. जाणता मेकॅनिक रंगापेक्षा बोटांवर अधिक विसंबतो: तो तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळतो, खरखर लागली तर धूळ, पाण्यासारखे निसटले तर डिझेल मिसळले, आणि दुधट दिसले तर पाणी शिरले असे ओळखतो. वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या इंजिनात एकदम डिटर्जंटचे तेल घातले तर साचलेला गाळ सुटून फिल्टर आणि तेलवाहिन्या तुंबण्याचा धोका असे, म्हणून पहिले एकदोन बदल लवकर करावेत हा जुन्या मेकॅनिकांचा सल्ला मुळीच अडाणीपणाचा नव्हता.

डब्यावरच्या आकड्यांचा इतिहास वेगळा आहे. अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह अभियंत्यांच्या संस्थेने, जिला एसएई म्हणतात, १९११ पासून तेलाच्या दाटपणाला क्रमांक दिले. क्रमांक मोठा तर तेल दाट. थंडीसाठी ‘डब्ल्यू’ हे अक्षर पुढे जोडले गेले, आणि १९५० च्या दशकात गोठत्या थंडीतही वाहते व उन्हातही फार पातळ होत नाही असे दुहेरी क्रमांकाचे तेल निघाले. २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० या डब्यांना गॅरेजमध्ये नुसते ‘वीस-चाळीस’ आणि ‘पंधरा-चाळीस’ म्हणतात. भंडाऱ्याचा पारा हिवाळ्यात क्वचितच १० अंशांखाली उतरतो आणि मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे पहिल्या आकड्याचे महत्त्व इथे कमी आणि दुसऱ्याचे अधिक राहिले. गेल्या काही वर्षांत मात्र इंजिनातल्या फटी सूक्ष्म झाल्या, इंधनबचतीचा दंडक आला, आणि नव्या मोटारींना ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असे पातळ तेल लागू लागले; अशा गाडीत उन्हाच्या धाकाने वीस-चाळीस ओतणे हे आता सावधपणाचे लक्षण राहिलेले नाही. जाता जाता, गिअरबॉक्सचे ‘नव्वद नंबर’ तेल इंजिनाच्या चाळीसपेक्षा दुपटीने दाट असते हाही एक रुजलेला गैरसमज आहे. गिअरतेलाची मोजपट्टी निराळी आहे आणि त्यातले नव्वद इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्याच आसपास येते. १९८२ पासून गिअरबॉक्स बनवणारा अशोक लेलँडचा कारखाना ज्या जिल्ह्यात गडेगावला उभा आहे, तिथे तरी हा गैरसमज टिकू नये.

मुदतीचा प्रश्न शेवटी इंधनाशी येऊन थांबतो. अँबॅसडरची पूर्वज असलेल्या मॉरिस ऑक्सफर्डच्या काळी तेल दर ३००० मैलांनी बदलले जाई. ३००० मैलांचे सुमारे ४८०० किलोमीटर होतात, आणि गॅरेजच्या स्टिकरवर अजूनही दिसणारा ५००० चा आकडा त्याच्या किती जवळचा आहे हे सहज ध्यानात येते. २००० सालापूर्वी भारतातील डिझेलमध्ये गंधक शेकड्याच्या हिशेबात मोजले जाई, त्याचे आम्ल मारता मारता तेलातले डिटर्जंट संपून जाई, आणि तेल दाटपणाने चांगले असूनही टाकून द्यावे लागे. देशभर भारत स्टेज-४ हे उत्सर्जन मानक लागू झाल्यावर, म्हणजे १ एप्रिल २०१७ पासून, गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० भाग झाली आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मध्ये ती १० भागांवर आली. मोटारीच्या पुस्तिकेत आज १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे लिहिलेले असते. ही दुप्पट झालेली मुदत तेलाच्या गुणाइतकीच रिफायनरीने काढून घेतलेल्या गंधकाची देणगी आहे.

‘जे आधी येईल ते’ हे शब्द मात्र भंडाऱ्याच्या संदर्भात सर्वांत कमी वाचले जातात. तालुक्याच्या गावातून बँकेपर्यंत, शाळेपर्यंत आणि आठवडी बाजारापर्यंत दोनतीन किलोमीटरच्या फेऱ्या करणारी मोटार वर्षाला ४००० किलोमीटरही चालत नाही, परंतु तिचे इंजिन क्वचितच पुरते तापते, पाणी चेंबरमध्येच राहते आणि पावसाळ्याअखेर झाकणाखाली पांढरट गाळ दिसू लागतो. नागपूर-रायपूर हमरस्त्यावर रोज धावणारा ट्रक याच काळात अनेक पट अंतर कापतो आणि तरी आतून स्वच्छ असू शकतो. चिखलणीच्या दिवसांत बांधीत गुडघाभर चिखलातून फिरणाऱ्या ट्रॅक्टरला तर किलोमीटरचे माप लागूच पडत नाही. पूर्ण जोरावर, संथ गतीने, तासन्‌तास चालणाऱ्या या इंजिनासाठी कारखानदारांनी तासांचे घड्याळ बसवले आणि साधारण २५० तासांची मुदत घातली. गाडीवानाची खेप आणि ट्रॅक्टरवाल्याचा तास, दोन्ही मापे अशी एकाच जिल्ह्यात हजर आहेत.

तेलाच्या विक्रीचाही थोडा विचार केला पाहिजे. १९९० च्या दशकात वंगणाचा बाजार खुला होण्याआधी ऑइल बहुधा बॅरलमधून मापाने, सुटे विकले जाई, आणि वापरलेले तेल नुसते गाळून, रंग उजळून पुन्हा बाजारात आणण्याचे प्रकार होत. केंद्र सरकारचा १९८७ चा वंगण तेल व ग्रीस नियंत्रण आदेश या व्यवहारावर परवान्याचे बंधन घालण्यासाठीच निघाला. सीलबंद डबे आल्यावर सुट्या तेलाचा प्रश्न बराच मिटला. नव्या डिझेल मोटारींत वेगळाच पेच आहे: धुराड्यात बसवलेला काजळीचा फिल्टर डिटर्जंटमधल्या धातूंच्या राखेने तुंबतो, म्हणून ज्या रसायनांनी आठ दशके इंजिन धुतले त्यांचेच प्रमाण आता मोजूनमापून कमी केलेले तेल अशा गाड्यांना घालावे लागते.

चेंबरचा नट उघडल्यावर बाहेर येणाऱ्या काळ्या तेलाचे काय होते, हा या इतिहासातील सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग आहे. कायद्याच्या दृष्टीने ते घातक टाकाऊ द्रव्य आहे, परवानाधारक प्रक्रियाकेंद्राकडेच ते जायला हवे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होऊन शुद्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे, कारण थोडेसे सांडलेले तेलही तलावाच्या पाण्यावर दूरवर तवंग धरते, आणि हा जिल्हा तलावांचा आहे. खेड्यात मात्र त्याला ‘जळके ऑइल’ म्हणतात आणि ते फुकट जात नाही: वाळवी लागू नये म्हणून ते कुंपणाच्या खांबांना आणि दारांच्या चौकटींना फासतात, जिथे एकेकाळी जवसाचे तेल फासले जाई, आणि जी एखादी लाकडी चाकांची बंडी अजून शेतात जाते, तिच्या नळकांड्यातही एरंडेलाऐवजी ट्रकच्या चेंबरमधून काढलेले हेच तेल असते, आणि ते आखाला लावण्याआधी जुना चिखल चिंधीने पुसून घ्यावा लागतो.